टर्बो लावू की सुपरचार्जर? कळंबोलीच्या गॅरेजवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गॅरेज कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे आहे. हा प्रश्न आम्हाला तीन तऱ्हेची माणसं विचारतात. न्हावाशेव्याहून कंटेनर ओढणारे ट्रकमालक, खारघर किंवा घोडबंदर रोडवर राहणारी आणि नवा पिकअप घेतलेली पोरं, आणि ठाण्यात वाढून अमेरिकेत नाहीतर आखातात स्थिरावलेली मंडळी. यातली अमेरिकेतली मंडळी रात्री अकराला फोन करतात, तिकडे तेव्हा दिवस असतो. तिघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवलं.

दोघांत मुळात फरक काय?

काम एकच, इंजिनात हवा कोंबणं. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन नीट जळतं आणि तेवढ्याच सिलिंडरमधून जास्त ताकद निघते. फरक आहे तो हवेचा पंप कोण फिरवतं याचा. सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून बेल्टने फिरतो. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम गॅसवर फिरतो. आमच्या बाजाराच्या भाषेत सांगायचं तर एकाचा खर्च गल्ल्यातून जातो, दुसऱ्याचा भंगारातून निघतो.

म्हणूनच दोघांचा स्वभावही वेगळा. सुपरचार्जर इंजिनाला बांधलेला असल्यामुळे पाय दाबला की लगेच हवा देतो. टर्बोला आधी गॅस मिळावा लागतो, मग तो वेग घेतो, मग हवा येते. वेगही काय, ट्रकचा टर्बो मिनिटाला लाखभर फेरे मारतो आणि लहान गाड्यांचे दोन लाखांच्या वर जातात.

म्हणजे टर्बो फुकटात पडतो?

फुकट काही नसतं. गॅसच्या वाटेत चक्र बसवलं की मागे दाब तुंबतो आणि तो दाब पिस्टनलाच ढकलावा लागतो. पण इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तसाही सायलेन्सरमधून बाहेर जातो. त्यातला थोडा परत मिळवणं हे क्रँकची ताकद कापून घेण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी नेमक्या याच कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं होतं.

सुपरचार्जरचा खर्च मात्र आकड्यात मांडता येतो. बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर चढवलेला जादा दाब, तो पीएसआय किंवा बारमध्ये मोजतात. 500 एचपीच्या पेट्रोल इंजिनावर 10 पीएसआय बूस्ट देणारा रूट्स पद्धतीचा (दोन रोटरनी हवा ढकलणारा) सुपरचार्जर फिरवायलाच 45 ते 50 एचपी लागतात. ते इंजिन आधी कमावतं, मग बेल्टला देतं, आणि उरलेलं चाकांपर्यंत जातं.

माझा 10 चाकी ट्रक आहे. गायमुखच्या चढाला दम तुटतो. सुपरचार्जर बसवून द्याल का?

नाही. नुसतं नाही म्हटलं की मालक दुसऱ्या गॅरेजला जातात, म्हणून कारण नीट सांगतो.

तुमच्या ट्रकला टर्बो आधीच आहे. इंजिनावर किंवा कागदावर ‘टीसीआयसी’ ही अक्षरं असतील, तर त्याचा अर्थच टर्बोचार्ज्ड आणि इंटरकूल्ड, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा इंटरकूलरच्या जाळीत थंड करून इंजिनात सोडलेली. आजच्या ट्रकच्या डिझेल इंजिनाला भरल्या लोडवर दोन बारच्या आसपास बूस्ट लागतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तिप्पट दाब. 500 एचपीच्या ट्रकवर एवढी हवा बेल्टने दाबायची ठरवली तर क्रँकमधून शंभरेक एचपी त्यातच जातील. डिझेल किती जास्त जाळावं लागेल हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. शिवाय रूट्स पद्धतीचा ब्लोअर दुप्पट दाबाच्या पुढे गेला की हवा ढकलण्यापेक्षा तापवण्याचंच काम जास्त करतो.

दुसरं असं की डिझेलला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. लोड वाढला की इंधन वाढतं, गॅस वाढतो, टर्बो आपोआप जोर धरतो. चढावर भरलेली गाडी म्हणजे टर्बोसाठी सणच. म्हणून जगभर लांब पल्ल्याच्या ट्रकवर टर्बोच दिसतो.

मग गायमुखला दम का तुटतो? आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक गाड्यांत टर्बो लहान नसतो, हवा गळत असते. इंटरकूलरच्या रबरी होजला चीर, ढिली क्लिप, धुळीने भरलेला फिल्टर, नाहीतर चिखलाने बुजलेली इंटरकूलरची जाळी. इंजिन चालू करून होजवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसले तर तिथेच उत्तर आहे. मात्र जागेवर उभ्या गाडीत बूस्ट जेमतेम असतो आणि बारीक चीर तेव्हा सापडत नाही. त्यासाठी आम्ही वाट बंद करून बाहेरून हवेचा दाब देतो. होजची क्लिप बदलून गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली, की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. थोडा आनंद, थोडा राग, की एवढ्यासाठी महिनाभर दुसऱ्या गिअरवर चढत होतो!

पण जुन्या अमेरिकन डिझेल ट्रकवर ब्लोअर असायचा ना?

असायचा, पण तो सुपरचार्जिंगसाठी नव्हता. जनरल मोटर्सने 1938 साली आणलेली डेट्रॉइट डिझेलची 71 मालिका टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक डिझेलमध्ये पिस्टन स्वतः हवा ओढत नाही. जळका गॅस बाहेर ढकलून ताजी हवा भरायला रूट्स ब्लोअर लागायचाच, त्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. सहा सिलिंडरच्या 6-71 इंजिनाचे ते ब्लोअर पुढे शर्यतीवाल्यांनी काढून पेट्रोल व्ही-8 वर, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनांवर, चढवले. बॉनेटमधून वर आलेला ब्लोअर तुम्ही फोटोत बघता, त्याचं मूळ ट्रकमध्ये आहे.

भाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे मोठ्या व्ही-8 पेट्रोल इंजिनाचा पिकअप आहे. त्याने काय घ्यावं?

इथे खरा प्रश्न सुरू होतो, कारण इथे दोन्ही चालतात.

आम्ही उलट विचारतो, तुझं इंजिन दिवसातला जास्त वेळ किती आरपीएमवर असतं? तो म्हणतो, 700 एचपी पाहिजे. आम्ही पुन्हा तेच विचारतो. एचपी हा आकडा वरच्या आरपीएमला मोजतात आणि गाडी माणूस खालच्या आरपीएमला चालवतो. सिग्नलवरून उठायचं असेल, वाळूत किंवा दगडात पायाच्या इशाऱ्यावर खेच हवी असेल, तर सुपरचार्जर. पाय जेवढा दाबाल तेवढंच उत्तर येतं, कमी नाही की उशिरा नाही. मोठ्या व्ही-8 ला मुळातच खाली भरपूर खेच असते, सुपरचार्जर ती जशीच्या तशी उचलून वर ठेवतो. बसवायलाही सोपा. इंटेक मॅनिफोल्ड काढून त्या जागी किट बसतं, सायलेन्सरच्या बाजूला हात लावावा लागत नाही.

मागे बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर जोडून तासन् तास हायवेने जायचं असेल तर टर्बो. लोड कायम असल्यामुळे टर्बो फिरता राहतो, लॅगचा, म्हणजे पाय दाबल्यावर हवा उशिरा येण्याचा, प्रश्नच येत नाही आणि पेट्रोल कमी जातं.

कंपन्यांनीही दोन्ही वाटा चालून पाहिल्यात. फोर्डने 1999 साली एफ-150 लाइटनिंगमध्ये 5.4 लिटरच्या व्ही-8 वर सुपरचार्जर लावून 360 एचपी काढले. त्याआधी 1991 साली जीएमसीच्या सायक्लोनने 4.3 लिटरच्या व्ही-6 वर टर्बो लावून 280 एचपी काढले होते, तेव्हा लोक पिकअपकडे बघतच राहिले. अलीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. रॅम टीआरएक्सला 2024 पर्यंत 6.2 लिटरचा सुपरचार्ज्ड व्ही-8 होता, 702 एचपी. ती तेव्हा बंद झाल्यावर त्याच घरातून आलेल्या आरएचओला 3 लिटरचं सहा सिलिंडर, दोन टर्बोचं इंजिन, 540 एचपी. निम्म्याहून लहान इंजिन आणि ताकद तीन चतुर्थांशाच्या वर. फोर्ड तर दोन्ही एकाच वेळी विकते. साध्या रॅप्टरमध्ये 3.5 लिटर, दोन टर्बो, 450 एचपी आणि रॅप्टर आरमध्ये 5.2 लिटरचा सुपरचार्ज्ड व्ही-8.

माझं मत विचाराल तर कंपनीतून टर्बोशिवाय आलेल्या व्ही-8 ला नंतर काही लावायचंच असेल तर सुपरचार्जर लावा. टर्बो मागाहून बसवायचा म्हणजे मॅनिफोल्ड, तेलाची पुरवठ्याची आणि परतीची पाईप, उष्णतेची ढाल, सायलेन्सरची नवी वाट, सगळं नव्याने. चांगल्या हाताने केलं तर उत्तम चालतं, पण चांगले हात थोडे असतात. आणि त्याच भावाकडे डिझेल पिकअप असेल तर विचारूच नका. फोर्डच्या 6.7 लिटर डिझेलचा सर्वांत ताकदवान अवतार 500 एचपी आणि 1,627 एनएम (न्यूटन-मीटर) खेच देतो, तो टर्बोवरच.

टर्बो लॅग एवढा वाईट असतो का?

पूर्वी होता. आता बऱ्याच डिझेल टर्बोंच्या आत हलणाऱ्या पाकळ्या असतात. कमी गॅस असला की त्या वाट अरुंद करतात, गॅस जोरात आदळतो आणि चक्र लवकर फिरतं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखंच. लॅगची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी बरेच जण हौसेने नको तेवढा मोठा टर्बो लावून आलेले असतात.

आपल्याकडच्या उन्हाचा आणि ट्रॅफिकचा कोणावर जास्त परिणाम होतो?

हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम लागतो, तेच.

मे महिन्यातली 35 अंशांची हवा धरा. 10 पीएसआय बूस्टला रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरमधून ती 120 ते 125 अंशांवर बाहेर येते, चांगल्या टर्बोमधून 100 ते 105 वर. स्क्रू पद्धतीचा सुपरचार्जर टर्बोच्या जवळपास जातो. ट्रकच्या दोन बार बूस्टला तर हवा 180 अंशांच्या पुढे पोहोचते, म्हणून ट्रकचे होज एवढे जाड असतात आणि तरीही फुटतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की हवा साधारण तीन टक्के विरळ होते. म्हणजे एवढी मेहनत करून कोंबलेली हवा पुन्हा पातळ. म्हणून इंटरकूलर ही चैनीची वस्तू नाही.

आता मुंब्रा बायपासवर किंवा शिळफाट्याला अडकलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. वारा नाही, पुढच्या कंटेनरची गरम हवा रेडिएटरवर. टर्बोची गाडी उभी असताना बूस्ट नसतो, पण गरम मॅनिफोल्डची धग बॉनेटखाली कोंडते, रबर आणि वायर कडक होऊन तडकतात. पिकअपवरचा सुपरचार्जर बहुधा व्ही-8 च्या मधोमध, थेट इंजिनावर बसलेला. तोही खालून शेकतो. मग रस्ता मोकळा होतो, मालक पाय दाबतो आणि पहिल्या दोन-तीन वेळा गाडी मरगळलेली वाटते. यंत्र बिघडलेलं नसतं, इंजिनाच्या संगणकाने गरम हवा पाहून इग्निशन मागे घेतलेलं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकलेली असते. पाण्याचा इंटरकूलर अशा धगीला थोडा वेळ थोपवतो, पण त्याचं पाणी एकदा तापलं की निवायलाही वेळ घेतो. हवेचा इंटरकूलर चालत्या गाडीत सरस. लांब पल्ल्याला हवेचा, शहरात झटक्यांनी चालवायला पाण्याचा, असं आम्ही सुचवतो.

किती बूस्ट द्यावा?

हा प्रश्न पेट्रोलवाल्यांचा. 14.7 पीएसआय म्हणजे बाहेरची हवा जेवढी दाबते तेवढाच दाब वरून आणखी. कागदावर दुप्पट हवा, प्रत्यक्षात उष्णतेमुळे कमी.

हद्द ठरते ती नॉकिंगने. कंप्रेशन जास्त, बूस्ट जास्त आणि पेट्रोल कमी ऑक्टेनचं असलं की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा पडतो. टीआरएक्ससारख्या इंजिनांचं कंप्रेशन म्हणूनच 9.5 ला 1 एवढंच ठेवतात. डिझेलचं असं नसतं, तिथे हद्द ठरते सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसच्या तापमानाने. टर्बोच्या तोंडाशी 700 अंशांच्या वर गॅस बराच वेळ राहिला की आधी टर्बो जातो, मग पिस्टनचा नंबर. तापमानाचा मीटर न लावता डिझेल वाढवून देणारा मेकॅनिक भेटला तर चहा प्या आणि निघा.

माझ्याकडे इसुझूचा डी-मॅक्स पिकअप आहे. मोठा टर्बो लावून द्या.

भावा, तुझ्या आणि टोयोटाच्या हायलक्स पिकअपच्या इंजिनावर कंपनीचा टर्बो आहेच. हायलक्सचं 2.8 लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये 500 एनएम देतं, मॅन्युअलमध्ये 420. एकाच इंजिनाचे हे दोन आकडे मुद्दाम सांगतो. गिअरबॉक्स जेवढं पेलतो तेवढंच कंपनी इंजिनाकडून घेते. तू खेच वाढवलीस तर आधी क्लच घसरणार.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. परवानगीशिवाय असे पार्ट बसवले तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नंबर एमएच-04 असो, 43 असो की 46, नियम तोच. अपघात झाला की विमा कंपनी बॉनेट उघडून बघते, ते आणखी वेगळं. बीएस-6 गाडीचा धुराचा फिल्टर काढून देण्याचं काम आम्ही करत नाही, वाढीव पैसे देतो म्हणालात तरी.

हौस बंद ट्रॅकवर भागवता येते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2014 पासून टाटा प्रायमा ट्रकच्या शर्यती झाल्या. युरोपातल्या ट्रक शर्यतींत हजारावर एचपीचे ट्रक असतात, तरी वेग 160 किलोमीटरवर बांधलेला असतो. तिथेही टर्बोच आहे, आणि पाणी मारून थंड ठेवलेले ब्रेक.

नवा टर्बो टाकला आणि महिन्याभरात उडाला. माल खोटा होता का?

कधी असतो. पण आमचाच एक किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ट्रेलरला नवा टर्बो बसवला, गाडी तीन आठवड्यांत परत आली, निळा धूर सोडत. मालक तापला, आम्ही दुकानदारावर तापलो. उघडून पाहिलं तर तेलाची जुनी पाईप आम्ही तशीच जोडली होती आणि आत जळक्या तेलाचा थर धरून तिचं भोक काडीएवढं उरलं होतं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, तेल कमी पडलं की मिनिटांत खेळ खलास. चूक आमची. दुसरा टर्बो आमच्या खिशातून गेला. तेव्हापासून टर्बोबरोबर तेलाची पाईप, इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाही. इंटरकूलरही उतरवून धुतो, कारण जुन्या टर्बोचे तुकडे आणि तेल त्यातच साचलेलं असतं.

ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगा. बोरघाट चढून लोणावळ्याला चहाला थांबलात तर चावी लगेच फिरवू नका. दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू द्या, नाहीतर तापलेल्या टर्बोतलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. आणि सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. बरेच क्लीनर धूर बघायला नेमकं तेच करतात.

तळोजा किंवा खाणीच्या बाजूला गाडी चालत असेल तर फिल्टर वेळेआधी बघा. फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ हवेच्या चक्राची पाती वाळूच्या कागदासारखी घासून खाते.

सुपरचार्जरला एवढं सांभाळावं लागत नाही ना?

तुलनेने नाही. बेल्ट, पुलीचं बेअरिंग आणि गिअरचं स्वतःचं तेल. बेल्ट घसरला की बूस्ट गेला, पण गाडी घरापर्यंत येते.

दोन्ही एकत्र लावता येतात?

येतात. खालच्या आरपीएमला सुपरचार्जर, वरच्या आरपीएमला टर्बो. फोक्सवॅगनने 2005 मध्ये 1.4 लिटर पेट्रोल इंजिनात असं करून दाखवलं. दुप्पट पार्ट, दुप्पट पाईप, दुप्पट दुखणी. डिझेलवाले त्याऐवजी एक लहान आणि एक मोठा असे दोन टर्बो एकामागे एक लावतात, ते जास्त शहाणपणाचं.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारा इलेक्ट्रिक सुपरचार्जर कसा आहे?

पंखा आहे. वर सांगितलेल्या 500 एचपीच्या इंजिनाची हवा दाबायला 35 किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. हा पंखा काही शे वॅटचा. रिकाम्या रसोईत लावा, चुलीचा धूर जाईल.

उंचावर कोण चांगला?

टर्बो. सुपरचार्जर पुलीच्या मापाने फिरतो, हवा विरळ झाली की त्याचा मालही विरळ. टर्बोवर बाहेरचा दाब कमी झाला की तो जास्त वेगाने फिरून बरीच भरपाई करतो. खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या आसपासचा, तिथे फरक जाणवणारही नाही. लेहकडे मालाची गाडी जाते त्यांना विचारा.

घाट उतरताना टर्बोचा उपयोग होतो म्हणतात, खरं का?

हलत्या पाकळ्यांचा टर्बो असेल तर खरं. उतारावर पाकळ्या जवळजवळ बंद केल्या की गॅस अडतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं. बोरघाटात भरलेला ट्रेलर उतरवताना ब्रेकचे लायनर वाचतात ते असे. सुपरचार्जरला हे काम जमत नाही.

गाडी दाखवायला कधी आणि कशी आणू?

सकाळी नऊच्या आत आणि रिकामी. चालवून आणलेल्या गाडीच्या टर्बोला दोन तास हात लावता येत नाही, म्हणून लवकर या. आरसी, शेवटच्या ऑइल बदलाचं बिल आणि पीयूसी बरोबर ठेवा. धूर येत असेल तर त्याचा रंग आणि तो चढावर येतो की सुरू करताना, हे ड्रायव्हरला विचारून या. बरं तर, ड्रायव्हरलाच घेऊन या. मालकाच्या सांगण्यातून अर्धं काम चुकीच्या जागी सुरू होतं.